गळत नाही ते शिंग

पोळा आठ दिवसांवर आला होता आणि हरिसिंग आडेच्या दारात एकही बैल उभा नव्हता.

महागावपासून आठेक किलोमीटरवर काळीटेक तांडा आहे. तांड्याच्या तोंडाशीच हरिसिंगचं घर, घरापुढे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली जमिनीत पुरलेला सागाचा खुंट. पोळ्याआधीच्या पंधरा दिवसांत त्या खुंटाला सकाळी बांधलेला कासरा संध्याकाळपर्यंत सुटत नसे. एक जोडी गेली की दुसरी. आसपासच्या सात-आठ गावांतली माणसं शिंगं साळायला बैल इथेच आणत. हरिसिंगजवळ बारीक दातांची एक करवत, दोन कानशी आणि फुटक्या बाटलीच्या काचा. एवढ्यावर तो खडबडीत, चिरा पडलेलं शिंग असं गुळगुळीत करी की त्यात तोंड दिसावं.

पण लोक त्याच्याकडे येत ते काही चकाकीसाठी नाही. शिंग साळताना रक्त निघालं की तो बैल पुढे डोक्याला हात लावू देत नाही, जखम चिघळते, माशा बसतात. छत्तीस वर्षांत हरिसिंगच्या हातून रक्त निघालं नव्हतं. तो आधी तळहात शिंगावर ठेवायचा आणि बुडापासून टोकाकडे सरकवत न्यायचा. जिथपर्यंत ऊब लागते तिथपर्यंत आत हाड आहे, हाडात रक्त आहे. ऊब संपली की पुढे नुसती खोळ, नखासारखी, निर्जीव. करवत फक्त तिथे. त्याचे पणजे लदेणीच्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आणि हा तळहात त्याला तिकडूनच आला, असं तो सांगायचा.

तर त्या शुक्रवारी खुंट रिकामा होता. त्याची बायको बिजलीबाई हिने दोनदा अंगण झाडलं. तिसऱ्यांदा झाडू हातात घेतला तेव्हा हरिसिंग म्हणाला, "बस आता. माती उकरून काढशील."

"मंग काय करू? कालपासून तीन जणांचे फोन आले. या साली राहू द्या म्हणते. कायले राहू द्या, थे कोणी सांगत नाही."

ते सांगितलं वर्षाने. वर्षा त्यांची मुलगी, महागावात एका झेरॉक्स-कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. ती दुपारीच घरी आली आणि चप्पल न काढता बापापुढे उभी राहिली.

"बा, मोबाईलवर तुमचं नाव फिरून राह्यलं."

"वाच."

तिने वाचलं. "काळीटेक येथील स्थानिक कारागीर हरिसिंग आडे यांनी चुकीच्या पद्धतीने शिंगे कापल्याने जखमी हरणाचा उपचारादरम्यान मृत्यू. मुक्तछाया वन्यजीव मदत केंद्राकडून हळहळ व्यक्त." खाली एका रजिस्टरच्या पानाचा फोटो, त्यात हरिसिंगची वाकडीतिकडी सही.

"परत वाच."

तिने परत वाचलं. हरिसिंगने मोबाईल हातात घेऊन स्वतःची सही पाहिली. मग म्हणाला, "एका ओळीत दोन खोटं. मी कापलं नाही, आन् थे हरीणही नव्हतं."

"हरीण नव्हतं?" बिजलीबाई म्हणाली. "इथं तुमची इज्जत चालली, तुम्हाले जनावराच्या नावाची पडली."

"त्या नावानंच झालं हे सगळं," हरिसिंग म्हणाला.

झालं होतं ते असं.

मंगळवारी सकाळी मुक्तछायाचा माणूस मोटरसायकलवर आला. सोयाबीनच्या शेताला लावलेल्या तारेच्या जाळीत एक जनावर अडकलंय, शिंगात जाळी गुंतलीय, करवत घेऊन चला. हरिसिंग गेला. केंद्र म्हणजे रस्त्याकडेची एक टिनाची शेड, चार पिंजरे आणि एक ऑफिस. जनावरांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारी येत. बाकी दिवस सगळा कारभार संजय लोखंडे या केंद्रप्रमुखाचा. वय तिशीच्या आतबाहेर, शर्टावर संस्थेचा बिल्ला, हातात दोन मोबाईल. आत जाण्याआधी त्याने रजिस्टरमध्ये हरिसिंगची सही घेतली. येणाऱ्या प्रत्येकाची घेतो, म्हणाला.

आत कोपऱ्यात पाय बांधून, डोळ्यांवर फडकं टाकून ठेवलेला एक काळवीट होता. भर वयाचा नर. पाठ काळीभोर, पोट पांढरं, फडक्याखालून डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दिसत होतं. शिंगं पिळदार, दीड हाताहून लांब, आणि त्या पिळांच्या खाचांत तार रुतलेली. हरिसिंगने खाली बसून शिंगावर तळहात ठेवला. अर्ध्याच्याही पुढपर्यंत ऊब होती.

"पक्कड आना," तो म्हणाला. "तार तोडून काढतो. घडीभराचं काम हाय."

"तार तर काढाच," संजय म्हणाला, "पण दोन्ही शिंगं बुडातून कापायची आहेत. संध्याकाळी याला मोठ्या केंद्रात न्यायला गाडी येतेय. पिंजऱ्याची उंची कमी पडते. शिंगं छताला आपटून घेईल."

"बुडातून?"

"पुढच्या वर्षी नवीन येतील ना काका."

"कोणं सांगतलं?"

संजय हसला. "हरणाची शिंगं दरवर्षी गळतात. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"हरणाची गळते. याची नाही."

"मग हे काय आहे?"

"काळवीट."

"म्हणजे हरीणच ना काका."

घोडं अडलं ते इथे. आपल्या बोलण्यात हरीण हा एकच शब्द आहे आणि त्यात आपण दोन वेगळी घराणी कोंबतो. खूर दुभंगलेले, दोघंही रवंथ करतात, दोघांचे पाय सडपातळ, दोघंही चाहूल लागली की उड्या मारत पसार. लांबून पाहणाऱ्याला सगळं एकच. पण शास्त्र त्यांना वेगळं करतं ते मुख्यतः डोक्यावर पाहून. चितळ, सांबर, भेकर हे एक कूळ. त्यांच्या नरांना शिंगं येतात ती फांद्या फुटलेली, सबंध हाडाची, भरीव. वाढताना त्यांवर मऊ लवदार कातडी असते, मग ती सुकून निघते, आणि हंगाम सरला की अख्खं शिंग गळून पडतं. पुढच्या खेपेला नवं येतं. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि आपली रोही यांचं कूळ निराळं. ते गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं कूळ. यांच्या शिंगाला फांदी फुटत नाही. आत कवटीतूनच वाढलेलं जिवंत हाड, वर नखाच्या द्रव्याची पोकळ खोळ, आणि एकदा आलं की मरेपर्यंत तेच. तोडलं तर पुन्हा येत नाही. रोहीला पुस्तकात नीलगाय म्हणतात. ती गाय नाही, पण कुळाने गायीच्याच घरातली आहे, चितळाच्या नाही.

हरिसिंगने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तो सहीपुरता शिकलेला. पण त्याला ठाऊक होतं, आणि कसं ठाऊक होतं तेही त्याने संजयला सांगितलं.

"साहेब, जंगलात मले चितळाची शिंगं लय सापडली. नुसती शिंगं, खाली पडलेली, पानात दडलेली. काळविटाचं शिंग मी डोस्क्याबिगर कधी पाह्यलं नाही. जवा पाह्यलं तवा खाली कवटी होती. गळत असतं तर एखादं तरी सापडलं असतं का नाही?"

"काका, मी ट्रेनिंग घेतलंय."

"किती दिवसाचं?"

संजय मोबाईलवर मेसेज बघायला लागला.

हरिसिंगने दुसरे मार्ग सांगून पाहिले. टोकाची चार बोटं कापतो, तिथं जीव नाही. उरलेल्या शिंगावर ठिबकच्या नळीचे तुकडे चढवू, मारक्या बैलाला करतो तसं, म्हणजे आपटलं तरी लागणार नाही. नाहीतर पिंजऱ्याचं छत वर करा, महागावात वेल्डर आहे. संजय घड्याळाकडे पाहत होता. गाडी चारला येते, छत केव्हा करायचं, म्हणाला.

"मंग गाडीले थांबवा."

"तुम्ही कापता की नाही तेवढं सांगा."

हरिसिंगने पकडीने तार तोडून काढली, खाचांतले तुकडे बोटाने वेचले, करवत फडक्यात गुंडाळली आणि उठला. "नाही," म्हणाला, आणि चालत तांड्यावर आला. मोटरसायकलवाल्याने सोडायला नकार दिला होता.

पुढे काळवीट मेल्याचं त्याला शुक्रवारी, मोबाईलवरची ती ओळ ऐकल्यावर कळलं. तो उठला तो थेट महागावात शकीलच्या दुकानात. शकील म्हणजे तोच वेल्डर. पिंजऱ्याचं छत वर करायला वेल्डर बोलवा असं हरिसिंगनेच सांगितलं होतं, तेव्हा बोलावला असेल तर शकीललाच.

शकील एका ट्रॉलीखाली उताणा पडून काम करत होता. हरिसिंगचे पाय दिसले तसा तो बाहेर आला, पण नजर वर केली नाही.

"तू कापलं?"

"छत वाढवायले बोलावलं होतं भाऊ," शकील म्हणाला. "गेलो तर म्हणे छत राहू दे, टाइम नाही, हे कापून दे. मी म्हटलं, मले जनावराचं काही समजत नाही. तर थो म्हणे, दरसाल गळते, नखं कापल्यावानी हाय, दुखत नाही. मी लोखंड कापायचा हेक्सा लावला. आधी काहीच नाही. मंग एकदम..." तो थांबला. "भाऊ, बकरा कापतानी पाह्यलं मी लहानपणापासून. पण असं नाही पाह्यलं. थांबेच ना रक्त. मी माह्या शर्टानं दाबून धरलं."

"आन् थो?"

"फोनवर बोलत होता."

डॉक्टर गुरुवारी आले तेव्हा काळवीट सकाळीच मेला होता. मोठ्या केंद्राची गाडी मंगळवारी आलीच नव्हती. ती बुधवारी आली आणि रक्ताळलेलं जनावर न घेताच रिकामी परत गेली.

हरिसिंग दुकानातल्या लाकडी पेटीवर बसला. "माह्या नावावर टाकलं त्यानं. रजिस्टरात माही सही हाय ना. तुही घेतली?"

"नाही. मी मागच्या दारानं गेलतो, सामान घेऊन." शकीलने कापसाच्या बोळ्याने हात पुसले. ग्रीस निघत नव्हतं, तरी पुसत राहिला. "तुम्ही सांगा त्याईले, शकीलनं कापलं म्हणून. खरंच हाय थे."

"सांगू?"

"सांगा. फक्त एक गोष्ट पाहा भाऊ. तुमचं नाव लागलं तर बैल येणं बंद होते. माहं लागलं तर मले कोणी विचारणार नाही का दरसाल गळते थे कोणं सांगतलं. नाव वाचून घेतील आन् तेवढ्यावरच भागवतील."

हे शकीलने तक्रार म्हणून सांगितलं नाही, वायर कोणत्या रंगाची कुठे जाते ते सांगावं तसं सांगितलं. त्यामुळेच हरिसिंगला जास्त चीड आली. केंद्रप्रमुखाने चूक केली ती केलीच. पण कागद असा केला होता की त्यात दोनच माणसं मावत होती, हा नाहीतर तो, आणि दोघांनी एकमेकांवर ढकलत बसायचं. कापायला लावणारा कुठेच नव्हता.

"उद्या केंद्रावर पंचनाम्याले वनवाले येणार म्हणते. येशील संग?" हरिसिंगने विचारलं.

शकीलने बोळा ट्रॉलीखाली फेकला. मग म्हणाला, "जुम्मा आज हाय, उद्या मोकळाच हाव."

शनिवारी पंचनाम्याला वनपाल राखी मडावी आल्या होत्या. झरी जामणीकडच्या, जंगलातल्याच गावात वाढलेल्या, बोलायला कमी. ऑफिसात टेबलाशी बसून त्या छापील फॉर्म भरत होत्या आणि संजय बाजूला उभा राहून सांगत होता. दारात हरिसिंग, वर्षा आणि शकील दिसले तसा तो म्हणाला, "काका, आज नका. सरकारी काम चालू आहे."

"त्याच्यासाठीच आलो," हरिसिंग म्हणाला. "बाई, कापलेली शिंगं कोठी हाय?"

"तुम्ही कोण?"

"ज्याचं नाव तुम्ही लिहून राह्यल्या तो."

राखी मडावींनी पेन थांबवलं. शिंगं पोत्यात होती, पोतं पिंजऱ्यामागे. आणलं तसा खोलीभर वास सुटला, संजयने नाकाला रुमाल लावला. हरिसिंगने एक शिंग काढून टेबलावर ठेवलं. मग तो भिंतीकडे गेला. तिथे चितळाचं एक फांद्यांचं शिंग खिळ्याला टांगलेलं होतं आणि त्यावर किल्ल्यांचे जुडगे आणि संजयचं हेल्मेट. त्याने हेल्मेट काढून संजयच्या हातात दिलं आणि ते शिंग काळविटाच्या शिंगाशेजारी ठेवलं.

"हे चितळाचं. बूड पाहा. गोल, खडबडीत, आपोआप सुटलेलं. करवतीचा घाव कोठीच नाही. आत भरीव, वरपासून खालपर्यंत हाडच." त्याने दुसरं उचललं. "हे याचं." एका हातात बूड धरून दुसऱ्याने त्याने शिंग पिळलं. चार दिवसांत आतलं सडून सैल झालं होतं. पिळदार काळी खोळ म्यानातून निघावी तशी हातात आली आणि मागे राहिलं टोकाकडे निमुळतं होत गेलेलं हाड, बारीक बारीक भोकांचं, भोकांत वाळलेलं रक्त.

"याले तुम्ही नख म्हणता?" तो संजयला म्हणाला. "बोटाचं हाड कापलं तुम्ही याच्या."

राखी मडावींनी ते हाड हातात घेऊन फिरवलं. "मले माहीत हाय," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा कागदी भाषेत आल्या. "म्हणजे मला कल्पना आहे. पण इथे प्रश्न कापलं कोणी हा आहे. फॉर्ममध्ये तोच रकाना आहे."

"मी कापलं," शकील म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की हरिसिंगने वळून पाहिलं.

"बघा," संजय म्हणाला. "मॅडम, दोघांपैकी कोणी का असेना, बाहेरच्या माणसाकडून झालंय. आणि सामान्य भाषेत सगळे हरीणच म्हणतात हो. मीही तेच म्हटलं. त्यात माझी काय चूक?"

"त्या सामान्य भाषेनंच मारलं त्याले," हरिसिंग म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्हाले मी सांगतलं हरीण नाही. खाली बसून सांगतलं. कवटीबिगर शिंग सापडत नाही सांगतलं. टोक कापतो म्हटलं, नळी लावतो म्हटलं, छत वर करा म्हटलं. तुम्ही घड्याळ पाहत होते. गाडी तर आलीच नाही. बाई, कापणाऱ्याचं नाव लिहा, माहं काही म्हणणं नाही. पण कापायले लावणाऱ्याचं काहून नाही?"

"तो रकाना नाही," राखी मडावी म्हणाल्या.

"मंग पाडा."

"फॉर्म छापील असतो दादा."

"मागून कोराच हाय ना."

बाहेर पिंजऱ्यात एक जखमी मोर पायाने पत्रा खरवडत होता. राखी मडावींनी फॉर्म उलटा केला. मागची बाजू खरंच कोरी होती. त्यांनी पेन उचललं.

लिहायला तास गेला. लिहून झाल्यावर हरिसिंगने वर्षाला वाचायला लावलं. तिसऱ्याच ओळीत 'जखमी हरणाची शिंगे' आलं.

"खोड," तो म्हणाला.

"दादा, अर्थ तोच होतो."

"नाही होत."

त्यांनी ते खोडलं, वर 'काळवीट (नर)' लिहिलं आणि खोडलेल्या जागी आपली सही केली. मग पुढे, 'हरिसिंग आडे यांनी शिंगे बुडातून कापण्यास कारण सांगून स्पष्ट नकार दिल्यानंतर, केंद्रप्रमुख संजय लोखंडे यांनी ही शिंगे दरवर्षी गळतात असे सांगून, वेल्डर शकील यांच्याकडून ती कापून घेतली.' शकीलने ते दोनदा वाचायला लावलं. 'कापून घेतली' या शब्दांवर त्याने मान हलवली आणि सही केली. त्याच्याखाली हरिसिंगने. संजय सही करणार नाही म्हणाला. राखी मडावींनी तेही लिहिलं, 'सही करण्यास नकार', आणि तारीख घातली.

चौकशी अजून चालू आहे. मुक्तछायाने तो मेसेज मागे घेतला नाही, दुरुस्तीही टाकली नाही. फक्त मेसेज जुना झाला आणि खाली गेला. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांतल्या कोणीही हरिसिंगच्या दारात येऊन चुकलं म्हटलं नाही. पोळ्याला दोन दिवस राहिले तेव्हा एकेक जण बैल घेऊन यायला लागले, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.

हे मात्र हरिसिंगला सहन झालं नाही. राखी मडावींकडून वर्षाने त्या मागच्या पानाची नक्कल घेतली होती. त्याने तिला दुकानातून सुट्टी घ्यायला लावली, बिजलीबाई नको नको म्हणत असताना कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि नियम केला. बैल खुंटाला बांधायचा, मालकाने समोर बसायचं, वर्षा पान वाचणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तारखेपर्यंत. मग करवत.

तानाबाईची जोडी तो पंधरा वर्षं साळत होता. सगळ्यात आधी 'राहू द्या' म्हणणाराही तिचाच फोन होता. ती आली, बैल बांधला, पदराने तोंड पुसत खाली बसली. वर्षाने वाचायला सुरुवात केली. तारेची जाळी झाली, पिंजऱ्याची उंची झाली, हरिसिंगचा नकार झाला. ऊन वर यायला लागलं. बैलाने दोनदा खूर आपटला.

"समजलं भाऊ," तानाबाई म्हणाली. "माहं चुकलं, लोकाईचं ऐकलं. आता साळून दे, घरी लय कामं पडले."

हरिसिंग कानस मांडीवर आडवी घेऊन बसला होता. त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"वाच वर्षा," तो म्हणाला. "कापायले लावणाऱ्याचं नाव अजून आलं नाही."